झाकल्या पिशव्यांची महालक्ष्मी

या मायबाप, या, पुढं सरका. दारात उभं राहून कथा ऐकू नये, पायाला घाई लागते. ज्याला कमी ऐकू येतं त्याला पेटीजवळ जागा द्या. आज राजाची कथा नाही, राक्षसाची नाही. भिलाईच्या हुडको वसाहतीतल्या भुऱ्यांच्या घरी भर दुपारी, आरतीच्या तोंडावर, उभी महालक्ष्मी धाडकन पडली, तिची कथा आहे. कोणी ढकलली नाही, आणि सगळ्यांनी मिळून ढकलली. मधे हसू आलं तर हसा, देवीलाही आलं असेल. मी शेवटी एकच गोष्ट मागणार आहे, तेवढी द्या म्हणजे झालं.

तर पूजनाचा दिवस. वंदना, भुऱ्यांची थोरली सून, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून आंबील घोटत होती. हात आंबिलीत होता आणि कान पुढच्या खोलीत, कारण पुढच्या खोलीत तिची मेस विकणं चाललं होतं.

मेस म्हणजे पलीकडच्या कोहक्यातली तिची खानावळ. सासरे चिंधूजी पोलाद कारखान्याच्या रेल मिलमध्ये होते तेव्हा त्यांनी तिथं प्लॉट घेऊन ठेवला होता. नवरा गेल्यावर वंदनानं त्यावर टिनाचं शेड टाकलं, दोन भट्ट्या मांडल्या, आणि आता कोचिंगची पोरं आणि ठेक्यावरचे कामगार तिथं दोन्ही वेळा जेवतात. कागदावर मात्र जागा चिंधूजींची. धाकट्या दिराला, नरेशला, ती विकायची होती, कारण त्याच्या गोलूला मेलबर्नला शिकायला जायचं होतं. काय शिकायला? हॉटेल मॅनेजमेंट! म्हणजे पोरांना जेवू घालणारी मेस विकायची, कशासाठी, तर पोराला जेवू घालणं शिकता यावं म्हणून. तुम्ही हसलात. त्या घरात कोणी हसलं नव्हतं.

होळीला नरेशनं अर्धा प्लॉट मागितला होता. नागपंचमीला पाऊण मागितला. आज पूर्ण मागत होता. आपली भूक वाढली नाही, रुपया पडला, असं त्याचं म्हणणं.

"बाबूजी, मी मागूनच नाही राहिलो," नरेश बापाच्या कानाशी वाकून सांगत होता. "रुपया मागून राहिला. आज सही केली तर भागते. दिवाळीपर्यंत थांबलो तर पूर्ण प्लॉट विकूनबी पुरत नाही."

गोलूनं मोबाईलवरून मान न उचलता आवाज दिला, "पापा, फिर गिरा."

"कोन गिरा?" चिंधूजींनी विचारलं.

"रुपया, बाबूजी."

"लागलं का त्याले?"

चिंधूजी ऐंशी ओलांडलेले. कान मिलच्या आवाजानं अर्धे नेले होते, उरलेले अर्धे ते सोयीनं वापरत. देवीसमोर सगळ्यांच्या साक्षीनं काय ते सांगतो, असं त्यांनी कबूल केलं होतं. आरती झाली की ते बोलणार, आणि ते बोलले की वंदनाच्या भट्ट्या राहणार किंवा विझणार. ज्यानं शेवटचा घास वाढला त्याचं म्हातारा ऐकतो, अशी घरात समजूत होती. म्हणून सकाळपासून नरेशची बायको कमलिनी सासऱ्यांच्या हातात दर घटकेला काहीतरी आणून ठेवत होती, आणि म्हातारा काही न बोलता खात होता.

देवीच्या अगदी पुढं मानाच्या आसनावर जावई बसले होते, राजकुमार, नणंद नलूचे यजमान. रेल्वेत नोकरी, भिलाई-3 ला घर, आणि टीव्हीवरच्या चर्चा ऐकून ऐकून पोटात साठलेलं ज्ञान. ते ज्ञान आज बाहेर पडल्याशिवाय पंगत बसणार नव्हती.

"साळेबुवा, तुमाले कारन समजून नाही राहिलं. कारन खोल हाये. तेल आपलं नाही. सोनं आपलं नाही. प्लांटच्या भट्टीत जाते तो भारी कोळसा, तोबी गोलूच्या मेलबर्नकडून जहाजात बसून येते. बाहेरचा मानूस म्हनते, रुपया नको, डॉलर दे. आपन डॉलर घ्याले धावतो. सगळा बाजार डॉलर घ्याले उभा, मंग रुपयाले कोन विचारते?"

"आन सरकार नोटा छापते ते?" नलू म्हणाली.

"ते तर हायेच. पन अमेरिका व्याज वाढवते, तिकडं लढाई होते..."

"मले विचारा," कमलिनी म्हणाली, "तर आपली मानसंच तशी. सगळ्याले फॉरेनचंच पाहिजे." असं म्हणून तिनं देवीच्या डोक्यावरचा नवा मुकुट सरळ केला. तो मुकुट, मागची झगमगती झालर आणि रंग बदलणारे दिवे, सगळं मोबाईलवरून मागवलेलं होतं. खोक्यावरची अक्षरं घरात कोणाला वाचता आली नव्हती, म्हणून माल उत्तम असणार असं ठरलं होतं.

देवीपुढच्या ताटात दरवर्षी चांदीचा रुपया असे. या वर्षी नरेशनं तिथं मेलबर्नकडची पाच डॉलरची नोट ठेवली होती. गोलूच्या कोण्या मित्राकडून मिळवलेली, गुळगुळीत, प्लास्टिकची. "पान्यात भिजत नाही," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता. साक्षात लक्ष्मीसमोर तिच्याच पोरांनी परक्या लक्ष्मीचा फोटो ठेवावा, तसं ते दिसत होतं.

वंदनाच्या मनात आलं, या घरात रुपया मुक्कामाला राहिलाच कधी? बोनस आला की सोनार. सोनं झालं की प्लॉट. प्लॉट झाला की डॉलर. रुपयाला या घरात कोणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. आला तसा दारातूनच पुढं पाठवला. आणि आता तोच रुपया पडला म्हणून सगळे सुतकी चेहऱ्यानं बसले होते. पण ती बोलली नाही. तिला बोलायला तोंड नव्हतं, आणि ते का, हे कळायला या घराची एक रीत आधी सांगावी लागेल.

भंडाऱ्याकडून येताना भुऱ्यांनी ही रीत सोबत आणली. महालक्ष्मीचं अंग म्हणजे पत्र्याची उभी गोल कोठी. तीत तांदूळ भरायचा, वर मुखवटा ठेवायचा, मग शालू नेसवायचा. तांदूळ प्रत्येक घरानं आणायचा, पण पिशवी झाकून. एकेकानं आत जायचं, एकट्यानं पिशवी पालथी करायची, आणि कोणी किती टाकलं ते दुसऱ्यानं बघायचं नाही. देवीला दिलेलं मोजू नये, असं वाडवडील सांगून गेले. विसर्जनानंतर मात्र कोठीतला तांदूळ सगळ्या घरांत सारखा वाटायचा आणि आपल्या डब्यात मिसळायचा. त्यानं वर्षभर बरकत राहते.

किती सुंदर रीत, नाही? देताना झाकलेलं, घेताना सारखं. देवमाणसांनी केलेली रीत, माणसांच्या हाती पडली.

नरेशला फार पूर्वीच एक शोध लागला होता. एका वर्षी त्यानं चुकून कमी टाकलं, आणि वाटा तेवढाच मिळाला. पुढच्या वर्षी तो तीच चूक ठरवून चुकला. असा शोध एकट्याला लागत नाही, मायबाप. तो एकाच घरात एकाच वेळी सगळ्यांना लागतो, आणि प्रत्येकाला वाटतं की आपणच हुशार.

"म्हनजे असं समजा," राजकुमारांनी देवीकडं पाठ करून शेवटचा सिद्धान्त मांडायला घेतला, "का रुपया पडूनच नाही राहिला. डॉलर उभा होऊन राहिला. आपला रुपया आपल्या जागेवर एकदम मजबूत..."

आणि महालक्ष्मी मुकुटासकट त्यांच्या पाठीवर आली.

काय तो आवाज! पितळी मुखवटा गडगडत कोपऱ्यात गेला, फुलोऱ्याची दोरी तुटली, करंज्या चहूकडं उडाल्या. राजकुमार शालूच्या पदरात गुरफटून "माय वं, माय वं" करू लागले. नलू नवऱ्याकडं धावली, कमलिनी मुकुटाकडं, आणि नरेशनं सगळ्यांत आधी पाच डॉलरची नोट उचलली.

मग सुरू झाली चौकशी. तुम्ही म्हणाल, कोठी उचलून बघतील. छे! कारण शोधताना या घरात कोणी खाली बघत नाही.

"पंखा! पंख्याची हवा लागली," नरेश म्हणाला.

"पंखा दरसाल असते," कमलिनी म्हणाली. "शेजारच्या मांजरीचं काम हाये हे."

"फरशी उतरती हाये, बिल्डरनं फसवलं," राजकुमार शालूतून बोलले. इतक्यात त्यांना नवं कारण सापडलंही होतं. "आन वरून मालगाडी गेली असन तर धक्का..."

"हुडकोत कोनती मालगाडी जी?" चिंधूजींनी विचारलं. हे त्यांना बरोबर ऐकू आलं होतं.

मग नलू उभी राहिली. तिचा आवाज बसला होता, म्हणून जास्त लागला. "कारन मी सांगू? कोठीले काल हात कोनाचा लागला? कपाळाले कुंकू नाही तिनं देवीले नेसवाले जाऊ नये. मी कालच म्हनत होती. आमची माय असती तर हे झालं नसतं."

 वंदनाची आंबिलीतली रवी थांबली. तिनं नरेशकडं पाहिलं. गेल्या वर्षीपर्यंत "वहिनी, मेसमधी काय भाजी हाये?" विचारत येणारा दीर जमिनीकडं बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू सुटका उमटत होती. कारण सापडलं होतं. जिच्यामुळं लक्ष्मी पडते तिच्याजवळ लक्ष्मीची जागा कशी ठेवायची? आता म्हाताऱ्याला वेगळं समजवायची गरजच नव्हती.

"नलूबाई," वंदना म्हणाली, "नेसवली कमलिनीनं. मी पदर धरला."

"पदर का होयना!"

"अरे, ये तो खाली है!" गोलू ओरडला. त्यानं कोठी उभी करायला दोन्ही हातांनी जोर लावला होता आणि ती एका हातात आली होती. तोंडावरचं फडकं सुटलं. आणि लक्ष्मीच्या पोटातलं भुऱ्यांच्या फरशीवर पसरलं.

आधी आले वर्तमानपत्राचे गोळे. इंग्रजी वर्तमानपत्राचे. त्या गोतावळ्यात इंग्रजी पेपर एकच माणूस घेई, पोराचं इंग्रजी सुधारावं म्हणून. मग मुरमुरे आले, भडभड. फुगीर, पांढरे, दुकानाच्या छापाच्या पिशवीसकट, आणि ते दुकान भिलाई-3 च्या बाजारातलं. आणि सगळ्यांत शेवटी, तळातून, ओंजळीच्या ओंजळी कणकी. तुकडा तांदूळ. मेसच्या खिचडीला लागतो तो.

कोणी कोणाकडं पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती. ज्याचं त्यानं ओळखलं होतं, आणि दुसऱ्याचंही. नलूनं पायानं मुरमुऱ्यांची पिशवी पाटाखाली सारली. राजकुमारांना खोल कारणं एकदम आठवेनाशी झाली.

"कणकी माझी हाये," वंदना म्हणाली. "चांगला तांदूळ मेसमधी भरला होता. पन मले वाटलं, दोन घरं अजून हायेत ना, ते टाकतीन."

"तेच तर मलेबी वाटलं," नलू पुटपुटली.

"मी काय म्हनतो," नरेश घाईनं बोलला, "हे मंग पाहू. लोकं येऊन राहिले. आधी उभी करा."

खरंच, फाटकाशी चपला वाजू लागल्या होत्या. पन्नास माणसांना जेवणाचं सांगणं गेलं होतं. मग जे उपाय झाले ते ऐका. पंखा बंद केला. कोठीत गोलूचे व्यायामाचे डंबेल टाकले. देवी एका अंगानं कलली. दुसऱ्या अंगाला वीट लावली. खिडकीच्या गजाला तार बांधली आणि ती झालरीमागं लपवली. मुखवट्याला चिकटपट्टी लावली. राजकुमारांनी हुकूम सोडला की आता जोरात कोणी बोलू नये. आणि मग नरेश दोन पावलं मागं गेला, कमरेवर हात ठेवले, म्हणाला, "पाहा. एकदम स्टेबल."

देवी हळूच हलली. 

"तुमच्या मायच्या वेळेस कावून नव्हती पडत?"

चिंधूजी बोलले होते. भूक लागली होती त्यांना, जेवण लांबत होतं, आणि रागात त्यांचा आवाज मिलमधल्यासारखा मोठा होई.

"बाबूजी, तवा मुकुट हलका होता..."

"तवाबी तुमी कचराच टाकत होते बे! तुमाले वाटते रुक्माले समजत नव्हतं? तुमच्या पिशव्या पालथ्या झाल्या, का ती दार लावून कोठी रिकामी करे. तुमचा भुसा गाईले जाये. आन आपला तांदूळ भरे. वर्षभर शिजवाच्या आधी रोज एक मूठ बाजूले काढे, त्याचा. मी म्हनो, पोराईले सांगतो. तर म्हने, नका सांगू, लाजतीन." म्हातारा थांबला. "तुमी कुठं लाजले? तुमी वाटा घेऊन गेले. बरकत झाली म्हने!"

रुक्माबाई माघात गेल्या होत्या. त्यांच्यानंतरची ही पहिली महालक्ष्मी, आणि पहिल्याच वर्षी देवीच्या पोटात फक्त पोरांनी घातलं तेवढंच होतं.

कमलिनीला रडू आलं, पण ते पाहुण्यांच्या भीतीचं होतं. "वंदनाताई, तुमच्या मेसमधी तांदूळ हाये ना? आना ना. गोलू गाडीनं घेऊन येते. लोकाईसमोर तार दिसली तर इज्जत जाईन."

"हाव वहिनी, आना," नरेश लगेच म्हणाला. "चांगला आना."

वंदनानं रवी खाली ठेवली. पदराला हात पुसले. इतकी वर्षं ती या खोलीत वाढायला येई. आज बोलायला आली.

"आनते भाऊजी. तांदळाचे दोन कट्टे हायेत. पन कोठं हायेत? कोहक्याले. त्याच जागेवर, जी तुमी विकून राहिले. या सगळ्या घरात आज खरा तांदूळ तेवढाच हाये. पुढच्या साली कोठून आनू?"

"पुढच्याचं पुढं पाहू ना..."

"नाही. ऐका. रुपया पडते म्हनून तुमी जमीन विकता. जमीन विकून रुपयेच घेता. ते रुपये टाकून डॉलर घेता, भेटन त्या भावात. आन मंग जावाईबापू इथं बसून विचारतात, का रुपया कावून पडते! तुमच्यासारखे दारोदारी हायेत, म्हनून पडते. मी काय वेगळी हाये? मीबी कणकीच टाकली. सगळ्याईले वाटते, कोठी दुसरा भरन."

"तुमी गोलूच्या शिकाच्या आड येऊन राहिल्या, वहिनी!"

"बडी मम्मी गलत नहीं बोल रही, पापा," गोलू म्हणाला. सगळे वळले. "मेरा दोस्त गया है ना वहाँ. तो म्हनते, पहिला साल तर हॉटेलमधी बर्तनच घासतो. किराया भी नहीं निकलता."

"मंग मेसमधी कावून नाही घासत बे?" चिंधूजी म्हणाले. "कोळसा तिकडून आनाचा, आन पोट्टा तिकडं पाठवाचा. लय भारी धंदा हाये तुमचा! मी सही देत नाही, जा. जागा वंदनाच्या नावानं करून देतो. आन आता आंबील आना."

नरेशनं एकदा बहिणीकडं पाहिलं, एकदा बायकोकडं. सकाळी दोघी त्याच्या बाजूनं होत्या. आता नलू करंज्या वेचत होती आणि कमलिनीनं गोलूच्या हातात गाडीची किल्ली ठेवली होती.

तांदूळ आला. पाहुणे दारात उभे होते, तरी वंदनानं दार लावू दिलं नाही. तार सोडली, डंबेल काढले, आणि भर खोलीत, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, मापट्यानं कोठी भरायला घेतली. पहिलं मापटं तिनं टाकलं. दुसरं नलूच्या हातात दिलं. नलूनं तिच्याकडं न बघता ते घेतलं, टाकलं, आणि मग खाली पडलेला कुंकवाचा करंडा उचलून वंदनाच्या पुढं धरलं. "देवीले लावा," इतकंच म्हणाली. माफी मागायची नलूची ती पद्धत होती, आणि वंदनानं देवीला कुंकू लावलं. तिसरं मापटं नरेशच्या पुढं आलं. त्यानं खिशात हात घातला, प्लास्टिकची नोट चाचपली, हात बाहेर काढला, आणि मापटं घेतलं. भरून टाकलं की थोडं कमी, ते लोकांच्या गर्दीत नीट दिसलं नाही. पण देवी उभी राहिली, आणि आरतीच्या टाळ्यांनी हलली नाही.

रुसलेला नरेश पहिल्याच पंगतीला बसला आणि आंबील मागून मागून प्याला. देवीच्या घरचं अन्न, ते कोणावर रुसत नाही.

आता माझं मागणं. रुक्माबाईची आठवण ठेवा, असं मी सांगणार नाही. तशी माय कोणी विसरत नसतं. मी मागतो नरेशसाठी. मायबाप, कधी तुम्हीही झाकली पिशवी घेऊन देवापुढं, गावापुढं, देशापुढं उभे राहाल, आणि आजूबाजूला कोणी बघत नसेल. त्या वेळी नरेश भुऱ्याला आठवा. माणूस वाईट नव्हता हो. त्याला फक्त वाटलं, बाकीचे भरतील.